वारा पडला की गलबतांची वेळ
आंग्र्यांच्या आरमाराचे युद्धतंत्र आणि त्याचा शेवट

रत्नदुर्गावर गेलेला माणूस तटबुरुज पाहतो, भगवतीचे दर्शन घेतो आणि परततो. दगड टिकला, लाकूड गेले. त्यामुळे किल्ले आपल्याला पाठ असतात, आणि ज्या जहाजांना आसरा देण्यासाठी ते उभे होते त्यांची मात्र ओळख नसते. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापाराला धाक होता तो याच जहाजांचा.

आंग्र्यांचे मुख्य लढाऊ जहाज म्हणजे गुराब. दोन किंवा तीन डोलकाठ्या, उथळ तळ आणि लांब पुढे निघालेली नाळ. नाळेमागच्या फळीतून थेट समोर मारा करणाऱ्या दोन मोठ्या तोफा, आणि दोन्ही बाजूंना लहान तोफा. गलबत त्याहून लहान, फार तर सत्तर टनांचे. त्याला चाळीस-पन्नास वल्ही आणि मोजक्या हलक्या तोफा असत.

युरोपीय युद्धनौकेची ताकद तिच्या कुशीत होती. तोफांची रांग डागायची तर जहाज आडवे वळवावे लागे आणि वळायला वारा लागे. कोकण किनाऱ्यावर पावसाळा सरला की पहाटे जमिनीकडून मतलई वारा, दुपारी समुद्राकडून खारा वारा. या दोहोंच्या मधे समुद्र निपचित पडतो. नेमक्या त्या वेळी गलबते गुराबांना दोर लावून शत्रूच्या पिछाडीला ओढत नेत, कारण तिकडे तोफा कमी. पहिला मारा डोलकाठ्यांवर आणि दोरखंडांवर. शिडे कोसळून जहाज जागीच अडकले की गलबतांतली माणसे तलवारी घेऊन चहूबाजूंनी वर चढत. डाव फसला, तर मोठ्या जहाजांना शिरता न येणाऱ्या खाड्या जवळच होत्या.

मराठ्यांचे आरमारप्रमुख कान्होजी आंग्र्यांनी १७२९ मधल्या मृत्यूपर्यंत याच बळावर इंग्रज आणि पोर्तुगीजांना दाद दिली नाही. त्यांचा मुलगा तुळाजी पेशव्यांना जुमानेना, तेव्हा नानासाहेबांनी त्याच्याविरुद्ध इंग्रजांशी हात मिळवला. १७५५ मध्ये इंग्रजांचा कमोडोर जेम्स ‘प्रोटेक्टर’ ही ४४ तोफांची युद्धनौका घेऊन हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गावर आला. तुळाजीच्या जहाजांनी काढता पाय घेतला. वारा इतका मंद होता की खलाशांनी अंगावरचे कपडे आणि पागोटीसुद्धा शिडांसारखी ताणली. जहाजे निसटली, पण दारूखान्याचा स्फोट झाल्यावर किल्ला पडला.

पुढच्या वर्षी, १२ फेब्रुवारी १७५६ रोजी, अॅडमिरल वॉटसनचा ताफा विजयदुर्गाच्या खाडीत घुसला. सोबत रॉबर्ट क्लाइव्ह होता. तुळाजीची जहाजे किल्ल्याच्या आश्रयाला एकमेकांना खेटून उभी होती. इंग्रजांकडूनच पूर्वी जिंकलेल्या ‘रिस्टोरेशन’वर तोफेचा गोळा पडून आग लागली आणि ती पसरत पसरत सारे आरमार जळाले. चपळाईवर जगणारी जहाजे उभ्या जागी सापडली होती.

विद्या मात्र जळाली नव्हती. एप्रिल १७८३ मध्ये पेशव्यांचे आरमारी सुभेदार आनंदराव धुळप यांनी याच किनाऱ्याजवळ कंपनीचे ‘रेंजर’ जहाज हातघाईच्या लढाईत जिंकले. त्यावरचा इंग्रज अधिकारी कर्नल हंबरस्टन लढाईत जखमी झाला आणि पुढे दगावला. तुळाजीची जहाजे जाऊन सत्तावीस वर्षे झाली होती, तरी कोकणच्या खलाशांचे कसब शाबूत होते.

म्हणून विजयदुर्गाच्या आगीकडे केवळ इंग्रजांचा विजय म्हणून पाहता येत नाही. आपल्याच सरदाराला वठणीवर आणायला पुण्याने परक्या तोफा आणल्या आणि जळाले ते मराठ्यांचेच आरमार. एकेक जहाज जिंकणारे धुळप पुढेही झाले, पण मुंबईच्या इंग्रजांना समुद्रावर रोखून धरेल एवढे बळ मराठी राज्याला १८१८ पर्यंत पुन्हा उभे करता आले नाही.