उपग्रहाच्या पेटीतील प्रकाशाचे तारायंत्र

दिनांक २ एप्रिल २०२२ च्या सायंकाळी आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी आकाशातून धातूचे एक भले मोठे कडे येऊन पडले. चिनी अग्निबाणाचा तो अवशेष असावा, असा जाणकारांचा कयास. ते पाहून आलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने विचारले, “गुरुजी, एवढाली धुडे वर नेतात, मग उपग्रहाच्या वजनात गुंजागुंजेची काटकसर कशाला?” उत्तर त्या कड्यातच आहे. एवढे धूड खर्ची पडावे, तेव्हा कोठे लहानसा उपग्रह वर चढतो!

आता या उपग्रहाच्या पोटात तारांचे जंजाळ असते. कित्येक उपग्रहांत एकंदर वजनाच्या शेकडा पाच-सात भाग त्यांतच जातो. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा २०१६ साली उडालेला ‘स्वयम्’ अवघा एक किलोचा. एवढ्याशा पेटीत एकेक तार म्हणजे अडचणच. मग एका यंत्राचा निरोप दुसऱ्यास तारेवाचून कसा पोचवावा? रेडिओच्या लहरींनी नाजूक उपकरणांत व्यत्यय येण्याचे भय. म्हणून प्रकाशाची योजना सुचली.

घरी प्रयोग करून पाहावा. दूरचित्रवाणीचा रिमोट संचाकडे न धरता चुन्याच्या भिंतीकडे धरावा. तरीही संच बहुधा आज्ञा पाळतो. नातवाने दाखविले तेव्हा प्रथम मला खरे वाटेना. रिमोटमधून निघणारा अवरक्त प्रकाश डोळ्यांस दिसत नाही, परंतु भिंतीवरून विखुरतो. उपग्रहाच्या पेटीतही असाच विखुरलेला प्रकाश आडोशामागच्या यंत्रापर्यंत पोचतो, आणि धातूची भिंत ओलांडून बाहेर जात नाही.

ही केवळ कल्पना नव्हे. १८ डिसेंबर २००४ रोजी सुटलेल्या स्पेन देशाच्या ‘नॅनोसॅट-०१’ या वीस किलोंच्या आतील उपग्रहात चुंबकत्व मोजणाऱ्या साधनाची माहिती मुख्य संगणकास प्रकाशाच्याच द्वारे देण्याचा प्रयोग झाला.

अडचणी आहेतच. फटीतून ऊन शिरले तर क्षीण संदेश बुडतो. याकरिता प्रकाश ठराविक वेगाने लुकलुकविण्यात येतो, म्हणजे ग्राहक यंत्र स्थिर उजेड वगळून तेवढाच टिपते. अंतराळातील वेगवान कण ग्राहकावर आदळला की खोटाच ठोका उमटतो. म्हणून निरोप तपासून घ्यावा लागतो, चुकल्यास पुन्हा मागवावा लागतो. शिवाय यंत्रे चालविण्याची वीज मात्र अद्याप तारेनेच पुरवावी लागते. तेव्हा तारा सर्वस्वी गेल्या, असे कोणी सांगू लागल्यास विश्वास ठेवू नये.