कर्नलचा भरवसा कोणत्या घड्याळावर?

राउंड रॉबिनचं गणित कॉम्प्युटरवाल्या बहुतेकांनी सोडवलेलं असतं. प्रोसेस तीन, टाइम क्वांटम चार, काढा वेटिंग टाइम! मार्कही मिळतात. पण क्वांटम संपला हे कर्नलला सांगतं कोण? हा प्रश्न मात्र आपण सोडूनच देतो.

उत्तर आहे, हार्डवेअर टायमर. तो कर्नलची दोन कामं करतो. एक, किती वेळ गेला ते सांगणं. दुसरं, ठरल्या वेळी गजर वाजवणं, म्हणजेच इंटरप्ट पाठवणं. गंमत अशी की आपल्या नेहमीच्या पीसीत असे टायमर एकाहून जास्त असतात आणि प्रत्येकाची काही ना काही खोड असते. मग कर्नलने विश्वास कुणावर ठेवायचा?

टीव्हीकडून आलेला आकडा

सगळ्यात जुना पीआयटी. १९८१च्या आयबीएम पीसीमध्ये तो ८२५३ या चिपच्या रूपात होता. त्याचा वेग १.१९३१८२ मेगाहर्ट्झ. एवढा विचित्र आकडा का? बोर्डावरचा क्रिस्टल १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा होता, आणि ही संख्या अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या सिग्नलवरून आलेली. तिला १२ने भागा, झाला पीआयटी! गडी प्रामाणिक, पण संथ. त्याला एकदा वेळ विचारायची तर काही मायक्रोसेकंद जातात. तेवढ्यात ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे हजारो ठोके पडून जातात.

वेगवान, पण लहरी

१९९३मध्ये इंटेलच्या पेंटियमबरोबर टीएससी आला. हा प्रोसेसरच्या आतलाच काउंटर. एका इन्स्ट्रक्शनमध्ये उत्तर हातात! पण सुरुवातीला तो प्रोसेसरचे ठोके मोजायचा. बॅटरी वाचवायला प्रोसेसरने वेग कमी केला की घड्याळही हळू. त्यात प्रत्येक कोअरचा काउंटर वेगळा. २००५च्या सुमारास एएमडीचे ड्युअल कोअर अ‍ॅथलॉन आले आणि काही गेम्स त्यांच्यावर अडखळायला लागले. गेम एका कोअरवरून दुसऱ्यावर गेला की त्याच्या दृष्टीने वेळ चक्क मागे जायची! एएमडीला त्यासाठी 'ड्युअल कोअर ऑप्टिमायझर' नावाचं वेगळं सॉफ्टवेअर काढावं लागलं.

गेम अडखळला तर आपण फार तर वैतागू. पण डेटाबेसमध्ये नंतरची नोंद आधीची दिसली, तर प्रकरण गंभीर होतं.

मग एचपीईटी घ्यावा का? तो किमान १० मेगाहर्ट्झचा आणि प्रोसेसरच्या वेगाशी त्याला देणंघेणं नाही. पण तो कोअरच्या बाहेर बसतो, त्यामुळे वाचायला वेळ लागतो. सतत वेळ विचारणाऱ्या सर्व्हरला हे जड जातं. शिवाय इंटेलच्या काही प्लॅटफॉर्मवर, प्रोसेसर गाढ झोपेत गेला की तोही थांबतो, असं लक्षात आलं. २०१९मध्ये लिनक्सने तिथे तो बंदच केला.

मार्क जास्त, तरी पहारा

लिनक्स या घड्याळांना चक्क मार्क देतं. टीएससीला ३००, एचपीईटीला २५०, एसीपीआयच्या टायमरला २००, पीआयटीला ११०. पण पहिला नंबर आला म्हणून सूट नाही. गरज वाटेल तिथे 'वॉचडॉग' दर अर्ध्या सेकंदाला टीएससीचा वेळ दुसऱ्या घड्याळाशी ताडून बघतो. फरक वाढला की टीएससीवर 'अनस्टेबल'चा शिक्का आणि काम पुढच्या घड्याळाकडे. नव्या प्रोसेसरमध्ये 'इन्व्हेरियंट टीएससी' असतो. प्रोसेसरचा वेग बदलो वा तो झोपो, याची चाल तीच राहते. म्हणून आज बहुतेक वेळा निवड त्याचीच होते.

प्रोजेक्टसाठी छोटं कर्नल लिहिताय? मग सुरुवात पीआयटीने करा. सोपा आहे, आणि त्याच्या आधारे टीएससीचा वेग मोजता येतो. टीएससीवर विसंबण्याआधी तो इन्व्हेरियंट आहे का, हे सीपीयूआयडीला विचारा. आणि पडताळणीसाठी दुसरं घड्याळ हाताशी ठेवाच.

लिनक्स वापरत असाल, तर बूट होतानाच्या लॉगमध्ये 'क्लॉकसोर्स' हा शब्द शोधा. तुमच्या मशीनने कुणावर भरवसा टाकलाय, ते तिथेच कळेल.