कॉम्प्युटरचे पार्ट घेताना फक्त ब्रँड बघून चालतं का?

कांदिवलीत कुणाच्या घरी नवा पीसी असेंबल करायचं ठरलं की दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते ऑनलाईन मागव, दुसरी म्हणते स्लो लोकल पकड, ग्रँट रोडला उतर आणि लॅमिंग्टन रोड गाठ. (अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण लोकांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच.) एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत असतं, 'पार्ट चांगल्या कंपनीचा घे.'

गडबड इथेच होते.

गिगाबाईटचं उदाहरण घ्या. मदरबोर्डमधलं मोठं नाव. पण याच कंपनीचे पी७५०जीएम आणि पी८५०जीएम हे पॉवर सप्लाय टेस्टिंगमध्ये जास्त लोड दिल्यावर अक्षरशः फुटले. ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीला ठरावीक सिरीयल नंबरचे सप्लाय बदलून द्यायची तयारी दाखवावी लागली. मदरबोर्ड चांगला म्हणून सप्लायही चांगला असेल, हा हिशोब तिथे चुकला.

त्याहून फसवा प्रकार वेस्टर्न डिजिटलच्या रेड हार्ड डिस्कचा. या डिस्क खास नॅससाठी, म्हणजे घरातले फोटो-फाईली एकत्र ठेवणाऱ्या, चोवीस तास चालू राहणाऱ्या बॉक्ससाठी विकल्या जायच्या. काही मॉडेल्समध्ये कंपनीने गुपचूप एसएमआर तंत्र वापरलं. यात डेटाचे ट्रॅक छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. त्यामुळे जागा वाचते, पण एक कौल बदलायचं तर शेजारची पण हलवावी लागतात. साहजिकच सलग लिहिताना डिस्क रखडते. नॅसमधली एक डिस्क गेली आणि तिच्या जागी अशी डिस्क बसवली, तर सगळा डेटा पुन्हा रचताना नेमका हाच त्रास होतो. लोकांनी आरडाओरडा केल्यावर एप्रिल २०२० मध्ये कंपनीने कबूल केलं. ब्रँड तोच, नाव तेच, आतला माल वेगळा. नंतर जुन्या पद्धतीच्या डिस्कना 'रेड प्लस' असं वेगळं नाव मिळालं.

म्हणजे लोकल माल घ्यायचा का? तर तसंही नाही. हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या जगात आता तीनच उरल्यात, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. रॅमच्या चिप्सही बहुतांश सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉनच्याच. पॉवर सप्लायमध्ये तर अनेक नामांकित ब्रँड दुसऱ्याच्या कारखान्यात माल बनवून घेतात. त्यामुळे प्रश्न 'कुठली कंपनी' एवढाच नसतो, 'कुठलं मॉडेल' हाही असतो. त्या मॉडेलचे स्वतंत्र रिव्ह्यू बघा, तेही अलीकडचे.

मग ब्रँडचा उपयोग काय? वॉरंटी.

२०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर जास्तीच्या व्होल्टेजमुळे खराब होत असल्याचं समोर आलं. अपडेट आला, पण आधीच बिघडलेला प्रोसेसर त्याने दुरुस्त होत नाही. कंपनीने बॉक्समधल्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षं केली. दुकानात थोडा स्वस्त मिळणारा 'ट्रे' प्रोसेसर, म्हणजे बॉक्सशिवायचा सुटा, त्याची गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी इंटेल तुम्हाला ज्याच्याकडून घेतला त्याच्याकडेच पाठवतं. तो दुकानदार उद्या तिथे असेल का, हे आजच बघावं लागतं.

बाहेरून आणलेल्या मालाचंही तसंच. त्या पार्टची वॉरंटी भारतात चालते का आणि सर्व्हिस सेंटर कुठे आहे, हे पैसे देण्याआधी विचारा. 'बिल नको असेल तर १८ टक्के सुटतील' ही ऑफर आली, तर त्या १८ टक्क्यांत वॉरंटीही सुटते हे लक्षात ठेवा. पक्कं बिल आणि त्यावर सिरीयल नंबर, दोन्ही हवेत.

एवढं करूनही कुणी दाद देत नसेल, तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे तक्रार तुम्ही राहता तिथेच करता येते. विक्रेता दिल्लीचा असला तरी कांदिवलीकराला जायचंय वांद्र्याच्या उपनगर जिल्हा आयोगात, आणि खरेदी ५ लाखांपर्यंतची असेल तर तक्रारीला फी शून्य. मुदत दोन वर्षांची.