एका सत्राचे रसायनशास्त्र

अमेरिकेतील मॅसाच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत पदवी घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास, तो पुढे विमाने बांधणार असो की अर्थशास्त्र शिकणार असो, रसायनशास्त्राचे एक सत्र पुरे करावेच लागते. त्यासाठी दोन प्रमुख पाठ्यक्रम आहेत. तेथे विषय अंकांनीच ओळखले जातात: ‘५.१११’ हा रसायनशास्त्र विभागाचा, तर ‘३.०९१’ हा धातू, काच इत्यादी द्रव्यांचा अभ्यास करणाऱ्या विभागाचा.

दोहोंतही अणू व रासायनिक बंध आहेतच. पुढे मात्र वाटा फुटतात. लोहाचेच उदाहरण घ्यावे. लोहाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर व मध्यभागी बसतात. ९१२ अंश सेल्सिअसच्या वर मध्यभागीचे स्थान रिकामे होऊन घनाच्या पृष्ठांचे मध्य व्यापले जातात. अशा स्फटिकरचना हा ३.०९१ चा गाभा होय. ५.१११ मध्ये धातूच्या आयनाभोवती इतर अणू जमल्याने त्याच्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेत कसा भेद पडतो, हे शिकविले जाते. रक्तातील हीमोग्लोबिनमधील लोह उमगते ते याच वाटेने.

यांपैकी कोणताही पाठ्यक्रम पुरा केला तरी कार्बनी रसायनशास्त्राचा वर्ग नियमाने खुला होतो. परंतु प्रवेश मिळणे निराळे आणि तयारी असणे निराळे. वैद्यकाकडे वळणाऱ्यास ५.१११ अधिक उपयोगी. अर्धवाहक वा पोलाद यांची ओढ असणाऱ्यास ३.०९१.

कॅथरीन ड्रेनन यांची ५.१११ वरील २०१४ ची आणि डोनाल्ड सॅडोवे यांची ३.०९१ वरील २०१० ची व्याख्याने संस्थेने सर्वांस विनामूल्य खुली केली आहेत. निवड करण्यापूर्वी प्रत्येकाच्या उत्तरार्धातील एखादे व्याख्यान ऐकावे. आरंभीच्या व्याख्यानांवरून भेद ध्यानी येत नाही.