लोखंडास मुद्दाम गंज चढविण्याचा प्रयोग

चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा व गडचिरोली जिल्ह्यातील सुरजागड येथील डोंगरांत लोखंडाचे विपुल खनिज आहे. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ ह्या तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयी लिहिलेला अहवाल जमशेदजी टाटा यांच्या वाचनात आला व लोहाऱ्याकडे त्यांचे लक्ष वेधले. परंतु जवळच्या वरोऱ्याचा कोळसा भट्टीस योग्य ठरला नाही.

ह्या डोंगरांतील हेमटाइट खनिजात लोखंड प्राणवायूशी संयोग पावलेले असते. भट्टीत कोळशाच्या योगाने हा प्राणवायू काढून घेतला म्हणजे लोखंड मिळते. तेच लोखंड ओल्या हवेत पडून राहिले, की प्राणवायू व पाणी यांच्याशी पुन्हा संयोग पावून त्याचा गंज बनतो. माणसाने श्रमाने वेगळे केलेले लोखंड अशा रीतीने आपल्या मूळ स्थितीकडे परतत असते. ही गोष्ट पुढील प्रयोगाने मुलांस प्रत्यक्ष दाखविता येते.

साहित्य : जस्ताचा मुलामा नसलेले चार खिळे, चार लहान बाटल्या, मीठ, गोडे तेल, मूठभर तांदूळ. खिळे प्रथम चिंचेच्या कोळाने घासून, धुऊन कोरडे करावेत.

कृती : पहिल्या बाटलीत खिळा साध्या पाण्यात अर्धा बुडवावा. दुसरीत तसाच मिठाच्या पाण्यात ठेवावा. तिसरीत पाणी चांगले उकळून, निववून भरावे, खिळा पूर्ण बुडवावा व वर तेलाचा थर द्यावा. चौथीत भाजून कोरडे केलेले तांदूळ गार झाल्यावर भरून त्यांत खिळा ठेवावा व घट्ट बूच लावावे. आठ दिवस मुलांनी रोज पाहून वहीत नोंद करावी.

निरीक्षण : पहिल्या दोन खिळ्यांस तांबूस गंज चढतो, मिठामुळे दुसऱ्यास लवकर. उकळल्याने तिसऱ्या बाटलीतील पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते व तेल नवी हवा येऊ देत नाही. चौथीत हवा आहे पण ओल नाही. म्हणून हे दोन खिळे जवळजवळ स्वच्छ राहतात. गंजास हवा व पाणी दोन्ही लागतात, हे अनुमान मुलांकडूनच काढवून घ्यावे.

सूचना : गंज लवकर यावा म्हणून तीव्र आम्ल किंवा कपडे विरंजनाची पूड वापरू नये, ही दोन्ही एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. गंजामुळे धनुर्वात होतो, हा समजही दूर करावा. त्याचे जंतू माती व शेण यांत असतात व जखमेतून शरीरात शिरतात. खिळा गंजलेला असो वा चकचकीत, तो पायात रुतल्यास जखम साबणाने धुवावी व मुलास लसीसाठी आरोग्य केंद्रात न्यावे.

उपयोग : पावसाळ्यानंतर विळा, कुऱ्हाड व फाळ पुसून तेल लावून ठेवण्याची रीत कशासाठी आहे, हे मुलांस आता आपोआप उमगेल. शाळेच्या स्लॅबचा गिलावा फुगून पडू लागला, तर त्याचे कारणही ह्याच प्रयोगात शोधावे. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे आतील सळई गंजताच काँक्रीट तडकते. असा भाग दिसताच मुलांना त्याखाली बसवू नये व दुरुस्तीसाठी तत्काळ लेखी कळवावे. आठ दिवसांत खिळ्यावर जे दिसते, तेच सळईवर काही वर्षांत, नजरेआड घडत असते.