विंडोजच्या आधी जागा होणारा पहारेकरी

संगणकाचे बटण दाबले की पडद्यावर आधी कंपनीचे नाव उमटते आणि मग विंडोज सुरू होते. मधल्या काही सेकंदांत काम करतो तो मदरबोर्डवरील छोट्या चिपमध्ये साठवलेला प्रोग्रॅम, म्हणजेच फर्मवेअर. पूर्वी त्याला बायोस म्हणत. आता त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. मेमरी, कीबोर्ड, डिस्क तपासून तो विंडोजच्या हाती कारभार सोपवतो.

२६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच या व्हायरसने डिस्कवरील माहिती तर पुसलीच, पण अनेक संगणकांचा बायोसही बिघडवला. असे संगणक सुरूच होईनात. आजचे हल्लेखोर अधिक चलाख आहेत. ते संगणक बंद पाडत नाहीत, तर विंडोजच्या आधी गुपचूप आत शिरतात. अँटिव्हायरस जागा होईपर्यंत उशीर झालेला असतो.

ही वाट रोखण्यासाठी 'सिक्युअर बूट' असते. सुरुवातीला चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमची डिजिटल सही ते तपासते. सही जुळली नाही तर प्रवेश नाही. ही तपासणी फर्मवेअरमधील प्रमाणपत्रांच्या आधारे होते आणि त्यांनाही मुदत असते. मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने संपते. त्यांच्या जागी २०२३ ची प्रमाणपत्रे आहेत. मुदत संपली म्हणून संगणक बंद पडत नाही, पण सुरुवातीच्या टप्प्याला मिळणारे नवे संरक्षण थांबते. बहुतेकांना नवी प्रमाणपत्रे विंडोज अपडेटमधून मिळतात. काही संगणकांना उत्पादकाचे फर्मवेअर अपडेटही लागते.

आपल्या संगणकाची स्थिती पाहणे सोपे आहे. विंडोजच्या शोधपट्टीत 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधा. तिथे 'बायोस व्हर्जन/डेट'समोर आवृत्ती व तारीख, तर 'सिक्युअर बूट स्टेट'समोर ते चालू आहे की बंद हे दिसते. नवी आवृत्ती घ्यायची तर उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच आणि नेमकी आपल्याच मॉडेलची घ्या.

अपडेट चालू असताना वीज गेली तर फर्मवेअर अर्धवट राहून संगणक सुरूच होणार नाही, असे होऊ शकते. म्हणून लॅपटॉप चार्जरला जोडून ठेवा. डेस्कटॉपला यूपीएस हवाच. महत्त्वाच्या फायलींची प्रत आधी काढा. 'बिटलॉकर' चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. अपडेटनंतर संगणकाने ती मागितली आणि ती सापडली नाही, तर आपल्याच फायली आपल्यालाच उघडता येणार नाहीत.