धबधबायुक्त परसतळ्यातील पंप, गाळण व नळजोडणी यांचे नियोजन

प्रस्तावना :
परसातील तळे हे सामान्यतः शोभेचे साधन मानले जाते. परंतु त्यात मासे सोडताच ते एक बंदिस्त परिसंस्था बनते. ओढ्यात वाहते पाणी, गाळ व सूक्ष्मजीव जे कार्य आपोआप पार पाडतात, तेच येथे पंप, गाळणी आणि नळ यांना करावे लागते. व्यवहारात मात्र पुष्कळदा आधी दगडांची रचना होते, नंतर मिळेल तो पंप बसविला जातो आणि विजेचे देयक वाढल्यावर तो रात्री बंद ठेवला जातो. या अखेरच्या निर्णयामुळे मासे दगावू शकतात. विजेची बचत कोठे करावी व कोठे करू नये, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. जैविक गाळण :
मासे प्रामुख्याने कल्ल्यांवाटे अमोनिया उत्सर्जित करतात. नायट्रोसोमोनाससारखे जीवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि नायट्रोस्पायरासारखे जीवाणू नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. गाळणीतील खडे, स्पंज अथवा प्लॅस्टिकचे तुकडे हे या जीवाणूंचे वसतिस्थान होय. अमोनियातील १ ग्रॅम नायट्रोजनच्या पूर्ण रूपांतरास सुमारे ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो व तो वाहत्या पाण्यातूनच मिळतो. शिवाय रात्री शेवाळ व पाणवनस्पती ऑक्सिजन निर्माण न करता केवळ वापरतात. त्यामुळे पहाटेच्या सुमारास पाण्यातील ऑक्सिजन किमान पातळीवर येतो. म्हणजेच पंपाची निकड रात्रीच सर्वाधिक असते. पाण्याचा सामू व तापमान वाढल्यास अमोनियाची विषारकता वाढते, हेही लक्षात घेणे आवश्यक आहे. नव्या गाळणीत जीवाणू स्थिरावण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात; तोवर मासे मोजकेच असावेत.

२. प्रवाहाचे परिमाण :
उदाहरणादाखल ३ मीटर लांब, २ मीटर रुंद व सरासरी ०.६ मीटर खोल तळे घेऊ. त्यात ३,६०० लिटर पाणी मावते. हे सर्व पाणी एक ते दोन तासांत एकदा गाळणीतून जावे, असा संकेत आहे. त्यासाठी ताशी १,८०० ते ३,६०० लिटर प्रवाह पुरतो. धबधब्याची गरज याहून वेगळी असते. सलग पडदा दिसण्यासाठी कड्याच्या दर सेंटिमीटर रुंदीस ताशी सुमारे १५० लिटर पाणी लागते. ३० सेंटिमीटरच्या कड्यास त्यामुळे ताशी ४,५०० लिटर आवश्यक ठरतात. दोहोंपैकी मोठा आकडा पंपासाठी गृहीत धरावा. कडा जेवढा रुंद, तेवढा खर्च कायमचा वाढतो.

३. एकूण हेड व नळाचा व्यास :
पंपाच्या वेष्टनावर छापलेला प्रवाह बहुधा शून्य उंचीवरील असतो. प्रत्यक्षात पाण्याच्या पृष्ठभागापासून कड्यापर्यंतची उंची आणि नळ व जोडण्यांमधील घर्षण यांची बेरीज, म्हणजे एकूण हेड, विचारात घ्यावे लागते. पंप किती खोल ठेवला आहे, याचा या उंचीशी संबंध नाही. वरील उदाहरणात उंची १.२ मीटर, नळ ८ मीटर, चार एल्बो व एक व्हॉल्व्ह मानल्यास पुढील चित्र दिसते :

(अ) आतील व्यास २५ मिलिमीटर : नळातील घट सुमारे २.४ मीटर, जोडण्यांतील १.६ मीटर, एकूण हेड ५.२ मीटर.
(आ) आतील व्यास ४० मिलिमीटर : नळातील घट सुमारे ०.२५ मीटर, जोडण्यांतील ०.२५ मीटर, एकूण हेड १.७ मीटर.

प्रवाह तोच असता घर्षण व्यासाच्या जवळपास पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते, हे या तफावतीचे कारण होय. पंपसंचाची कार्यक्षमता ३० टक्के धरली, तर पहिल्या रचनेस सुमारे २१० वॅट व दुसरीस ७० वॅट शक्ती लागेल. अखंड चालविल्यास वर्षाचा वीजवापर अनुक्रमे सुमारे १,८५० व ६१० युनिट होतो. नळावरील एकदाच होणारा थोडा जादा खर्च दरवर्षी बाराशेहून अधिक युनिट वाचवितो.

४. मांडणी व सुरक्षितता :
पंप धबधब्यापासून दूरच्या टोकास ठेवावा, म्हणजे सर्व पाणी फिरते. पाने व गाळ अडविणारी जाळी जैविक गाळणीच्या आधी असावी. गाळणीतील माध्यम क्लोरिनयुक्त नळाच्या पाण्याने न धुता तळ्याच्याच पाण्यात खंगाळावे. वीज गेल्यावर गाळणीतील पाणी उलट वाहून माध्यम कोरडे पडू नये, म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. दीर्घ खंडानंतर मात्र गाळणीत साचलेले प्राणवायुहीन पाणी तळ्यात न सोडता झाडांना द्यावे. इन्व्हर्टरवर चालणारा छोटा हवापंप अशा वेळी माशांना तारतो. वीजजोडणीस अर्थिंग व ३० मिलिअँपिअर संवेदनक्षमतेचा आरसीसीबी अनिवार्य मानावा.

निष्कर्ष :
नियोजनाचा क्रम तळ्याचे आकारमान, कड्याची रुंदी, नळाचा व्यास व शेवटी पंप असा असावा. पंपाचे तास कमी करून साधलेली बचत जीवाणू व मासे यांच्या मुळावर येते; नळाचा व्यास वाढवून साधलेली बचत मात्र कोणाच्याही जिवावर बेतत नाही.